एक वीत रुंद

घोडेगाव मागे टाकून पश्चिमेला निघालं की धरणाचं पाणी बराच वेळ सोबत करतं. मग रस्ता पाण्याला सोडून डोंगराच्या अंगावर चढू लागतो आणि थोड्या वेळानं रस्ताही आपल्याला सोडतो. पुढे उरते ती बैलांनी, माणसांनी आणि पावसानं मिळून केलेली वाट. त्या वाटेच्या टोकाला उंबरवाडी आहे. पंचवीस-तीस घरं, नाचणी-वरईचे उतार, खाली भाताची खाचरं. पाहण्यासारखं काही नाही म्हणून तिकडे कोणी फिरायला जात नाही. मी गेलो तेही आईसाठी, आणि एकदा नव्हे, दोनदा. पहिल्यांदा पोचलो नाही.

आई उंबरवाडीच्या भागात बारा वर्षं नर्स होती. लग्नाआधी गेली आणि मी चार वर्षांचा होईपर्यंत तिथेच राहिली. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आमच्या चिंचवडच्या घरात पुढच्या खोलीत काचेच्या चौकटीत एक प्रशस्तिपत्रक लटकलेलं असे. ‘जोखमीच्या बाळंतपणात दाखवलेल्या धैर्याबद्दल’ असं त्यावर छापलेलं होतं आणि खाली शाईनं आईचं नाव. पाहुणे आले की वडील ते दाखवायचे आणि आई स्वयंपाकघरात निघून जायची. आम्हाला वाटायचं, लाजते.

हे सगळं दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतलं आहे. घोडेगावच्या एसटीडी बूथवरून किसनचा फोन आला. किसन म्हणजे ठकूबाईचा मुलगा, आणि ठकूबाई म्हणजे उंबरवाडीची सुईण, आईची तेव्हाची जोडीदारीण. “आयेला आता दिसत न्हाई,” तो म्हणाला. “बाईंची लई आठवण काढती.” आईनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, “तुझी ती जीप डोंगर चढते ना?”

चढते, असं मी छाती काढून सांगितलं. जीप माझा शौक. लिलावात घेतलेली, वीस वर्षांची, डिझेलची. मी कारखान्यात ड्राफ्ट्समन; मिलिमीटरचा हिशेब चुकला की मला जेवण जात नाही. गाडीचं इंजिन, टायर, स्प्रिंगा, सगळं मी जातीनं बघितलं होतं. दिवाळीनंतर निघालो. अर्ध्या वाटेवर एक मोठा खडक आडवा येतो, तिथे डावं चाक घसरलं आणि गाडी खडकावर बसली. दाराखालचा पत्रा आत चेपला, दार अडकलं, आणि त्या दाराच्या आत आई. तिला माझ्या बाजूनं ओढून काढेपर्यंत दोन तास गेले. गाडी जॅकवर उचलून कशीबशी मागे घेतली. ठकूबाईसाठी आणलेलं लुगडं आईनं पिशवीत परत घडी करून ठेवलं, ते मी पाहिलं.

परतताना मंचरला चहा घेतला तेव्हा ती म्हणाली, “तो भिंतीवरचा कागद माझा नाही. ते बाळंतपण ठकूनं केलं. बाळ पायाळू होतं, पाय आधी आले. मी बावीस वर्षांची, हातात कंदील आणि हात लटलट कापतायत. तिनंच ते बाळ सोडवलं. पुढे साहेब आले, त्यांनी विचारलं इथली नर्स कोण, आणि मी गप्प राहिले.” मग बशीतला चहा संपवून म्हणाली, “ती आहे तोवर मला हे तिला सांगायचंय.”

आपण ठकूबाईलाच खाली आणू, असं मी सुचवून पाहिलं. “सांगायचं मला आहे, तर जायचंही मीच,” आई म्हणाली. किसननं फोनवर डोलीचं सुचवलं, चौघं उचलून नेतील म्हणाला. त्यावर आई म्हणाली, “चौघांच्या खांद्यावरून जायला अजून अवकाश आहे माझा.” राहता राहिली जीप.

निरगुडसर

परदेशी गाड्यांच्या एका मासिकात मी चित्र पाहिलं होतं. गाडीच्या दोन्ही बाजूंना, दाराखाली, जाड लोखंडी नळ्या. त्या पत्र्याला नव्हे, खालच्या चॅसीला धरलेल्या. गाडी खडकावर टेकली तर सगळा भार त्या नळीवर येतो आणि गाडी तिच्यावरून घसरत पुढे जाते. तिकडे त्याला रॉक स्लायडर म्हणतात. विकत मिळायची सोय नव्हती. मी तीन रविवार बसून ड्रॉइंग केलं. नळी पत्र्यापासून चार बोटं बाहेर, जास्त नाही. दाराच्या रेषेच्या वर, म्हणजे जमिनीपासूनचं अंतर कमी होणार नाही.

एप्रिलमध्ये निघालो. मंचरला शांतिलालशेठच्या दुकानातून लोखंड घेतलं. हे लोक पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आले. शेठ मराठी बोलतात मात्र असं, की मंचरच्या बाजारातला कुणीही मागे पडावा. माझं ड्रॉइंग पाहून म्हणाले, “गोल पाईप नका घेऊ राव, चौकोनी घ्या. गोल दगडावर फिरतो.” ते मी ऐकलं. आणि निरगुडसरचा मिस्त्रीही त्यांनीच सांगितला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करतो, त्याच्या हातचं वेल्डिंग तुटलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

मिस्त्रीचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड, पुढे लिंबाचं झाड. पन्नाशीचा माणूस, भुवया ठिणग्यांनी अर्ध्या जळालेल्या. मी ड्रॉइंग दिलं. त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं, आदरानं पाहिलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला लावून टाकलं. त्यानंतर त्यानं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“म्हंजी गाडी दगडाव टेकली तर घसरली पायजे,” तो म्हणाला.

“हो. आणि पत्रा चेपता कामा नये.”

“बराय.” तो गाडीभोवती फिरला. आई तेव्हा उतरत होती. मी नेहमीप्रमाणे मागून दुधाचा प्लॅस्टिकचा क्रेट काढून तिच्या पायाशी ठेवला. उंच जीपमधून तिला थेट उतरता येत नसे, गुडघे दुखायचे. दरवाजाला धरून, दात आवळून, एक पाय क्रेटवर, मग दुसरा, असं ती उतरली. चार वर्षं हेच चाललं होतं. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मिस्त्री मात्र हातातला सुतळीचा तुकडा खाली करून बघत उभा राहिला.

मापं त्यानं सुतळीनं आणि वितीनंच घेतली. त्याचा आजा बैलगाड्या करायचा, तिथून ती सवय. माझ्या खिशातली स्टीलची पट्टी मी दोनदा पुढे केली, दोनदा त्यानं “ऱ्हाऊ द्या” म्हणून परत केली. आता माझ्या स्वभावाची अडचण सांगतो: माझं माप कुणी घेतलं नाही की मला ते माझाच अपमान केल्यासारखं वाटतं. मी तोंड फिरवून बसलो.

दहाला वीज गेली. तेव्हाच्या भारनियमनात हे ठरलेलंच होतं. दुपारी तीनपर्यंत वेल्डिंग बंद. मिस्त्री आम्हाला घरी जेवायला घेऊन गेला, विचारलंसुद्धा नाही. आमच्या सोसायटीत शेजारच्याकडे जायचं तर आधी फोन करतात. इथे मिस्त्रीच्या बायकोनं दोन अनोळखी माणसं पाहून फक्त पदर सावरला आणि परातीत पीठ वाढवलं. मासवड्या होत्या. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून गुंडाळलेल्या वड्या, लालभडक रश्शात सोडायच्या, आणि बाजरीची भाकरी. रस्सा इतका तिखट की मी नाक पुसत राहिलो. आईनं दोन भाकऱ्या खाल्ल्या. मिस्त्रीची बायको तिला विचारत होती की बाई, गुडघ्याला काय लावता, आणि मिस्त्री जेवता जेवता तेच ऐकत होता, हे मला नंतर आठवलं.

तीनच्या सुमारास त्यानं मला बोल्ट आणायला मंचरला पाठवलं. एका ओळखीच्याच्या मोटारसायकलवर बसून गेलो, दुकान बंद होतं, उघडेपर्यंत थांबलो. परत आलो तेव्हा दिवस कलला होता, वीज आलेली आणि काम झालेलं होतं.

नळी चार बोटं नव्हे, चांगली वीतभर बाहेर होती. शिवाय दाराच्या रेषेच्या खाली उतरवलेली. नळी आणि पत्रा यांच्यामध्ये त्यानं ट्रॉलीला मारतात तो नक्षीचा जाड पत्रा मारला होता, पाय घसरू नये म्हणून. दोन्ही बाजूंना, दारापासून मागच्या चाकापर्यंत, सरळ एक फळीच.

“हे काय केलंत?”

“पायदान.”

“मी पायदान सांगितलं होतं का?”

“जीपला पायदान नको?” त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. त्या भागात जीप म्हणजे वडाप. आत बारा माणसं कोंबलेली, बाहेर सहा लटकलेली. सगळा पश्चिमेचा पट्टा तशाच जिपांवर बाजारहाट करतो. जीपच्या बाजूला लोखंड लावायचं आणि त्यावर कुणी उभं राहणार नाही, ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. “सहा मान्सं हुभी ऱ्हायली तरी वाकायचं न्हाई,” तो म्हणाला.

“माझ्या गाडीला कोणी लटकणार नाही! आणि हे खाली आलंय, दगड आधी यालाच लागणार. ड्रॉइंग भिंतीवर लावायला दिलं होतं का?”

मी बराच बोललो. आवाजही चढला. मिस्त्रीनं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, “कापून देतो सायेब. पण गॅसची टाकी संपली. सोमवारी येती. येताना या, कापून देतो.” आई लिंबाखाली बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “आपण उद्या सकाळी निघू. आहे तसं.”

रात्री त्याच्याच घरी राहिलो. सकाळी मिस्त्रीनं त्या पायदानाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि म्हणाला, “पयला पाय आईंचा.” आईनं पाय ठेवला, दाराला धरलं आणि आत जाऊन बसली. क्रेट मागे पडून राहिला. मला राग आलेला होता, म्हणून मी तेव्हा ते पाहिलं आणि त्याचं काहीच केलं नाही.

खडक

एप्रिलात हा मुलूख करपलेला असतो. जागोजागी काळे चौकोन दिसतात: भाताच्या रोपांसाठी जागा निवडून त्यावर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. सगळ्या डोंगराला त्या धुराचा वास होता. करवंदं अजून हिरवी होती. आईनं काच खाली घेतली आणि एकेक उतार ओळखू लागली. “इथे मी घसरून पडले होते. त्या आंब्याखाली ठकू माझी वाट बघायची.” मांडीवर पिशवी, पिशवीत लुगडं, आणि लुगड्यात गुंडाळलेली ती काचेची चौकट. घरातून निघताना तिनं ती भिंतीवरून उतरवलेली मी पाहिली होती.

खडकापाशी किसन आणि आणखी दोघं थांबलेच होते. उन्हानं रापलेले, तिशीतले. खडक दिवाळीत होता त्याहून वाईट झाला होता. पावसानं दरीकडची माती नेली होती. किसननं वाट पायांनी मापली आणि म्हणाला, “डाव्या अंगाला कलंडणार.”

“मग आई उतरेल,” मी म्हणालो.

“बाई उतरून जात्याल कुटं? पुढं चढच हाय.” त्यानं गाडीकडे पाहिलं. “ह्ये बरंय की! आमी उजवीकडं हुभं ऱ्हातो.”

आणि मी काही म्हणायच्या आत तिघं उजव्या पायदानावर चढले. टपाला धरून, अंग बाहेर झोकून, वडापला लटकतात तसे. माझ्या गाडीला लटकलेली पहिली माणसं.

मी पहिला गिअर टाकला. डावं चाक खाली गेलं, आई माझ्यापासून लांब, दरीकडे झुकली. तिनं डोळे मिटले नाहीत. मी मात्र मिटले असते तर बरं, असं मला वाटलं. मग खालून आवाज आला. लोखंड दगडावर टेकलं होतं. करकरत, किंचाळत, गाडी त्या नळीवरून एक हात घसरली, तिघं बाहेर आणखी वाकले, डावं चाक मातीला लागलं आणि आम्ही वर होतो.

किसन हसत खिडकीपाशी आला. आईनं बाकीच्या दोघांकडे बोट केलं. “हे कोण?”

“ह्यो बाळू, आन ह्यो भीमा.”

“नावं नको सांगूस. कुणाचे?”

“मी सोनाबाईचा,” बाळू म्हणाला.

“सोना. होळीच्या दिवशी झालास. आणि तू?”

“पारूबाईचा.”

पारूचा म्हणजे तो पायाळू. पाय आधी आलेला. आईनं हात बाहेर काढून त्याच्या गालाला लावला आणि तसाच ठेवला. पुढची सगळी वाट तो तिच्या दारापाशी पायदानावर उभा राहून आला.

उंबरवाडी

ठकूबाईचं अंगण हिरड्यांनी भरलेलं होतं. या दिवसांत झाडाखालचे कोवळे हिरडे वेचून वाळवतात आणि बाजाराला नेतात. ठकूबाई त्या काळ्या पसाऱ्याच्या कडेला जमिनीवर बसून बोटांनी चाचपून काडी-कचरा वेगळा करत होती. इंजिन बंद झाल्यावर तिनं मान वर केली. “बाई?”

“मी,” आई म्हणाली.

सून पाय धुवायला पाणी घेऊन आली, मग गूळ-पाणी. आमच्याकडे पाहुण्याला पाणी पेल्यात देतात. इथे आधी पायांना, मग तोंडाला. आता प्रश्न बसायचा. आईला जमिनीवर बसता येत नव्हतं. बसली असती तर उठता आलं नसतं. ओटा वीतभर उंचीचा. घरात खाट नव्हती, शाळेतली खुर्ची सुट्टीमुळे कुलपात. बाळू कुलपाची किल्ली शोधायला धावला. तोवर आई मागे सरली आणि दार लावलेल्या जीपच्या पायदानावर टेकली. पाय जमिनीला नीट पोचले, पाठ दाराला टेकली. तिला तसं बसलेलं पाहिलं आणि मला मिस्त्रीच्या हातातली ती सुतळी आठवली. माप गाडीचं घेतलेलं नव्हतंच.

“ठकू, इथे ये. माझ्याजवळ बस.”

“न्हाई बाई, मी हितंच बरी.”

“बस म्हणते ना.”

“तुमच्या बराबरीनं कशी बसू? कदी बसले का?”

आणि ते खरं होतं. आईनं मला पुढे सांगितलं, बारा वर्षांत बाळंतिणीच्या घरी गेल्यावर नर्सबाईंना खाट, नाहीतर पोत्यावर पोतं घालून उंच जागा; ठकूबाई खाली. कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणाच्या मनातही आलं नव्हतं. “मला खाली बसता येत नाही गं,” आई म्हणाली. “मग तूच वर ये.”

किसननं हात धरून आणलं. ठकूबाईनं आधी तळहातानं पत्रा चाचपला, नक्षीवरून बोटं फिरवली, आणि पडणार असल्यासारखी अगदी कडेला बसली. मग हळूहळू मागे सरली. दोघींचे खांदे एकमेकींना लागले.

आईनं लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं आणि त्यातून चौकट काढून तिच्या हातात दिली. सगळं सांगितलं. कंदील, कापणारे हात, साहेब, आणि आपलं गप्प राहणं. आवाज तुटत होता तरी थांबली नाही. ठकूबाई काचेवरून अंगठा फिरवत ऐकत राहिली.

“मला ठावं व्हतं,” ती म्हणाली. “पारूनं सांगितलं व्हतं, बाईला कागद भेटला. मला वाईट वाटलं. न्हाई कशाला म्हनू? लई वाईट वाटलं तवा.” मग चौकट आईच्या हातात परत देऊन म्हणाली, “वाचा की, काय लिवलंय.”

आईनं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचू लागली. अंगणात भीमा उभा होता, ज्याच्याबद्दल ते सगळं छापलेलं होतं. “जोखमीच्या बाळंतपणात दाखवलेल्या धैर्याबद्दल, श्रीमती…” आई थांबली. तिला तिथे स्वतःचं नाव वाचायचं नव्हतं. पण तिच्या तोंडात दुसरं नावही नव्हतं. ठकू, एवढंच.

“ठकू,” ती म्हणाली, “तुझं पूर्ण नाव काय गं?”

“ठकूबाई लक्षुमन आसवले.”

सगळ्या वाडीला आई नावानं नव्हे, आयांवरून ओळखत होती, आणि जिच्यासोबत बारा वर्षं पावसापाण्यात फिरली तिचं आडनाव तिला त्या दिवशी कळलं. तिला रडू आलं. रडतच तिनं वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचलं, नावासकट. ठकूबाई म्हणाली, “फिरून वाचा.” आईनं तिसऱ्यांदा वाचलं.

चौकट तिथेच राहिली. आम्ही दोन रात्री होतो. नाचणीची भाकरी आणि उडदाची आमटी खाल्ली. स्टीअरिंगशी झटून माझ्या कमरेत उसण भरली होती, ती भीमानं पाठीवर पाय मारून घालवली. पायाळू माणसाच्या पायानं उसण जाते म्हणतात आणि त्याच्याकडे त्यासाठी लांबून लोक येतात. माझी गेली. कशी ते मी विचारलं नाही. दोघी मात्र दिवसाचा बराच वेळ त्या पायदानावर सावली सरकेल तशा सरकत बसून होत्या, आणि मी गाडी फिरवून त्यांना सावली करून देत होतो.

सोमवारी निरगुडसरला आलो. मिस्त्री लिंबाखाली गॅसची नवी टाकी जोडत होता. मला पाहून उठला, वाकून डाव्या नळीखाली पाहिलं, आणि दगडानं घासून चकचकीत झालेल्या जागेवरून हात फिरवला. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

“कापायचं ना सायेब?”

आईनं दार उघडलं, पायदानावर पाय ठेवला आणि कुणाचा हात न धरता उतरली. मी या माणसाच्या घरी जेवलो होतो, राहिलो होतो, त्याच्यावर ओरडलो होतो, आणि त्याला नुसतं मिस्त्री म्हणत होतो.

“कापायचं नाही,” मी म्हणालो. “माझं चुकलं. आणि आधी एक सांगा, तुमचं पूर्ण नाव काय?”

त्यानं टाकीची चावी बंद केली, हात पँटला पुसले, आणि नीट उभं राहून सांगितलं, “निवृत्ती मारुती सुतार.”